निमित्त

सर्जेकोटच्या बर्फ फॅक्टरीत
बाबांनी एकतीस वर्षं पाणी धरलं.
बर्फ बनवतो, असं ते कधी म्हणाले नाहीत.
पाणी आपणच धरता, आमी नुसती वाट बगतव.

या किनाऱ्यावर आभाळातून चार गारा सोडल्या
तर थंड असं काही पडत नाही.
इथला सगळा बर्फ माणसाचा:
मिठाच्या पाण्यात उभे दीडशे डबे,
आणि अमोनियाचा वास,
त्यांच्या शर्टाला, सोलकढीला,
माझ्या नववीच्या वहीला.

एका रात्री हवेची नळी तुंबली
आणि एक डबा गोठायचा राहिला.
आजूबाजूचे सगळे पांढरे,
हा एकटा टक्क जागा.
बाबांनी मला स्टुलावर चढवलं,
डब्याच्या कडेला नखाने एक टिचकी मारली
आणि पाण्यातून सुयाच सुया धावल्या,
माझा श्वास पुरा व्हायच्या आत
तळ दिसेनासा झाला.
बगलंस? थंडी पुरी होती.
तेका नुसता निमित्त होया होता.

आता रत्नागिरीला, कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर
मी निमित्तं तयार करते.
काही दिवस ती लपवते.
जीवाणूंच्या पोटात वाढवलेल्या साखळ्या,
अमिनो आम्लांचे मणी, एक धन, एक ऋण,
पुन्हा धन, पुन्हा ऋण.
(धन आणि ऋण ही मला बरीच वर्षं
फॅक्टरीच्या चोपडीतली नावं वाटायची:
कुठल्या होडीने किती लाद्या उधार नेल्या.)

हे कशासाठी, तर बांगड्यासाठी.
गोठलेल्या बांगड्याच्या आतही मत्स्यन्याय चालतो,
मोठा खडा लहान खड्याला गिळतो,
फुगतो, पेशी फाडतो,
आणि ताटात येतो तो चोथा.

पहिल्या अकरा साखळ्या वाया गेल्या.
सुट्टीत घरी कागदावर काढून दाखवलं:
शिसं, बोया, शिसं, बोया, एकाच दोरीत.
बाबा बराच वेळ हसले.
जाळा असा कोण ओवता गे?
बोये वर, शिसा खाली. मधी पाणी.

त्यांनी शास्त्र सांगितलं नव्हतं.
तरी परत गेल्यावर मी मणी वेगळे केले,
एका साखळीत सगळे धन, दुसरीत सगळे ऋण.
एका साखळीपाशी पाणी घाईला आलं.
दुसरीपाशी गोठायचं विसरलं.
का, ते अजून नीट कळलेलं नाही.
लेखात मात्र मी कळल्यासारखं लिहिलंय.

मे महिन्यात दोन काचनळ्या घेऊन फॅक्टरीत गेलो.
वॉचमनने बाबांना ओळखलं, मला नाही.
खाऱ्या टाकीत नळ्या सोडल्या, उणे नऊ.
पहिली बघता बघता पांढरी झाली,
कुणी हातही लावला नव्हता.
दुसरी तासाभराने वर काढली, पाणीच.
बाबांनी टिचकी मारली.
पाणी.
पुन्हा मारली, जरा हळू,
झोपलेलं पोर उठू नये अशी.
गुणाजी मेथराच्या टिचकीला
एकतीस वर्षांत कुणी नाही म्हटलं नव्हतं.

धरणा नाय गे, ते म्हणाले,
आणि नळी डोळ्याजवळ नेली.
त्यांच्या बोटांची टोकं कधीची बधिर आहेत,
थंड किती ते त्यांना डोळ्यांनीच बघावं लागतं.
मग विचारलं, ह्येची लादी केवड्याक?
मी आकडा सांगितला नाही.
एका ग्रॅममध्ये एका होडीचं मोसमाचं डिझेल.

नळी त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली.
स्कूटरवर मागे बसून, मला घट्ट धरून,
त्यांनी ती छातीशी आणली.
कोळंबच्या पुलावर खारा वारा लागला, ऊनही.
तिथेच कुठेतरी
बर्फ न होताच
ते पुन्हा साधं पाणी झालं.